गिरमाच्या हातचं पत्र

दिगंबर : काकू, तुम्हाला अजून अम्हारिक वाचता येतं ना?

सुलभाकाकू : नऊ वर्षं इथिओपियात गणित शिकवलंय रे. दाखव. कुणी दिलं?

दिगंबर : योनासनं. आमच्या लॅबमधला, एरिट्रियाचा. म्हणाला, तुझ्या रूममेटला दे. योनास स्वतः आला तर तेस्फाये दारच उघडत नाही. पत्र उघडंच होतं, देण्याआधी काय आहे ते कळावं म्हणून आणलं.

सुलभाकाकू : कसा उघडेल? तेस्फायेचा भाऊ इथिओपियाच्या सैन्यात, योनासची माणसं एरिट्रियाच्या बंडखोरांत.

दिगंबर : भाऊ होता, काकू. मार्चमध्ये एरिट्रियात झालेल्या त्या लढाईनंतर गिरमाचा पत्ताच नाही. आईनं त्याचे दिवससुद्धा घातले, तेव्हापासून सुतकाचे काळे कपडे घालते. आता तेस्फाये थीसिस सोडून निघालाय. शनिवारचं तिकीट बुक केलंय.

सुलभाकाकू : तिथे उतरला की ह्याच्याही हातात बंदूक देतील.

दिगंबर : सांगून थकलो. म्हणतो, आई एकटी आहे.

सुलभाकाकू : थांब जरा, अक्षर बारीक आहे... दिगंबर, तू आधी बस. हे गिरमानंच लिहिलंय.

दिगंबर : म्हणजे जिवंत आहे?

सुलभाकाकू : ऐक. ‘मी कैदेत आहे. आम्ही हजारो आहोत. माझ्या पायातली गोळी काढली. इथली नर्स म्हणाली, तिचा भाऊ तुझ्याच युनिव्हर्सिटीत शिकतो. पत्र तीच सुदानमार्गे पाठवतेय. आमच्यातल्या ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना मी सकाळी शिकवतो. आपलं सरकार म्हणतं, कैदी नाहीतच. म्हणून आईला तूच सांग.’

दिगंबर : नर्स म्हणजे योनासची बहीण. एवढंही बोलला नाही मला. मी आत्ताच जाऊन देतो, काकू.

सुलभाकाकू : तू नको देऊस.

दिगंबर : का?

सुलभाकाकू : शत्रूच्या सैनिकाचं पत्र त्या पोरीनं सुदानमार्गे बाहेर काढलं. ते तिच्या भावाच्याच हातून जाऊ दे. उद्या दुपारी दोघांना इथे जेवायला घेऊन ये.

दिगंबर : आणि भांडले तर?

सुलभाकाकू : भांडू देत. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसायची. त्यातली किती उरली, मला ठाऊक नाही. हे दोघं तरी हाताशी आहेत.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फोनवर.)

दिगंबर : तुमच्याकडून निघालो ते तिघंही चालतच आलो. बस सोडून दिली.

सुलभाकाकू : योनासच्या हातून पत्र घेतलं तेव्हापासून तेस्फाये नुसता रडत होता. नंतर बोलले का काही?

दिगंबर : हो, अर्ध्या वाटेत. तेस्फायेनं विचारलं, तुमच्या गावावर आमची विमानं आली तेव्हा कोण कोण गेलं? योनासनं एकेक नाव सांगितलं. हा थांबून ऐकत राहिला.

सुलभाकाकू : आणि शनिवारचं?

दिगंबर : कॅन्सल केलं. पण आईला कळवायचं कसं? फोन ऐकतात तिथे. मुलगा कैदी झाला म्हटलं तर तिच्याच मागे लागतील.

सुलभाकाकू : मग?

दिगंबर : योनासनं सुचवलं, नाव घेऊ नकोस. शेजाऱ्यांकडे फोन लावला, त्यांनी तिला बोलावून आणलं. तेस्फाये एवढंच म्हणाला, ‘आई, काळे कपडे उतरव.’

सुलभाकाकू : तिला समजलं?

दिगंबर :  तिनं विचारलं, ‘जेवतो ना नीट?’