आगीतला मुलगा

इस्त्रीने हात पोळलेला शिंपी दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत बसला होता. पुढच्या बाकावर पंजाला पट्टी बांधलेली चिमुरडी, तिची आई आणि आजी होत्या. आपलं ठणकणं विसरून तो ऐकत राहिला.

"सासूबाई, देवाच्या लाडक्या पोराला आग शिवली नाही, ही पोथीतली गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना? घातला हिनं हात शेगडीत!"

"अगं, तिचा देवावर विश्वास बसावा म्हणून सांगितली."

"बसला की! चांगलाच बसला!"

"आई, आजीला नको ना ओरडूस. माझंच चुकलं. हात घालताना मी थोडीशी घाबरले. म्हणून देव आला नाही."

आईनं तिला मांडीवर ओढून घेतलं.

"आजी, तो मुलगा अजिबात घाबरला नव्हता ना गं?"

"घाबरला होता, बाळा. भाजलंही होतं त्याला, तुझ्याएवढंच. पोथी लिहिणाऱ्यानं ते लिहिलं नाही."