पहिल्या हाकेला

कसालच्या स्टँडवर शिरोड्याच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी दशावतारी नाटकातले दोघे बसले होते. म्हातारा राजा होणारा, आणि तरुण दत्ता लुगडं नेसून त्याची राणी होणारा.

"दत्ता, काल वनवासाच्या प्रवेशात माझा काय चुकला रे?"

"काय नाय, आबा."

"खोटा बोलू नको. सकाळपासून पेटीवालो माझ्याकडे बघना नाय."

"तुमी राणयेक 'तुळसा' म्हणान हाक मारल्यात."

"अरे देवा! बायको जावन अजून वरीस जावक नाय. लोक हसले?"

"रडले. त्येंका वाटला, राणयेचा म्हायारचा नाव आसतला."

"आणि तू काय केलंस?"

"आपल्या नाटकाक लिवलेली भाषणा खंय आसत, आबा? समोरच्यान शब्द टाकल्यान की तो झेलूकच व्हयो. मी म्हटलंय, 'महाराज, मी इथेच आहे.'"

"लगेच म्हटलंस?"

"लगेच."

गाडी लागली. दत्ताने पेटारा उचलला. म्हातारा मात्र उठला नाही.

"आज परत तोंडातसून इला, तर जरा थांब हां. ती कधी पयल्या हाकेक ओ देय नाय."