बजेटची पिशवी

बॅगा आणि चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात निवृत्त ग्रंथपाल बाकावर बसले होते. हातात पुस्तक उघडं होतं, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे होते. बाईंच्या चामड्याच्या पर्सची चेन अडकली होती आणि कारागीर ती सोडवत होता.

"अहो, ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. कधी जायचं तिच्याकडे?"

"बजेटमध्ये बसत नाही, सांगितलं ना."

"तुमचं ते बजेट म्हणजे माझी दुसरी सासू. तिला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही."

"थट्टा करू नकोस. मोठा जुना शब्द आहे तो. फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ, चामड्याची छोटी पिशवी."

"काहीतरीच. काका, खरं आहे का हो हे?"

"खरं आहे," ग्रंथपाल म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून पुन्हा पुस्तकात शिरले.

"बरं. मग आपल्या घरात चामड्याची पिशवी कोणाकडे असते?"

"तुझ्याकडे. पण तिची चेन अडकलीय."

"झाली मोकळी, मावशी. उघडून बघा."

"बघते. हं, आहेत. ही धरा."

"तिकिटं? ताईच्या गावची? उद्याची?"

"हो."

"मला विचारलं नाहीस ते?"

"बजेटला विचारलं. ते हो म्हणालं."

"आणि दोन कशाला?"

"माझी बॅग कोण उचलणार?"

"बरं. पण खिडकीची जागा मला हवी."

"बघू. बजेटमध्ये बसलं तर."