आईचा रकाना

"आई, आपला नंबर आला," मुलगी म्हणाली, तशी मागे रांगेत उभ्या एका शिवणवाल्या बाईंनी मान वर केली. अनाथ मुलांच्या शिष्यवृत्तीच्या रांगेत आई कुठून आली?

"अहो बाई, दाखल्यावर आईचं नाव आहे. मग मुलगी अनाथ कशी?" खिडकीमागच्या कारकुनाने मुलीच्या आईला विचारलं.

"ते माझंच नाव आहे, साहेब. बहीण आणि मेव्हणे एकाच अपघातात गेले, तेव्हा ही दीड वर्षाची. शाळेत घालताना मीच माझं नाव लावलं. पोरं चिडवतील म्हणून."

"म्हणजे तुम्ही मावशी!"

"हळू बोला हो, साहेब."

"हळू बोलून कागद बदलत नाही. तुम्ही हिची आई नाही, असं लिहून द्यावं लागेल."

"देते. हे नाही मिळालं तर शाळाच सुटेल हिची. कुठे सही करू?"

"इथे. मग शाळेतून दाखला बदलून आणा. चार महिने तरी जातील."

"आणि अर्जाची मुदत?"

"आज संध्याकाळपर्यंत."

"मग आधी सही कशाला घेतलीत हो?"

खिडकीतून पुढचा नंबर पुकारला गेला. शिवणवाल्या बाईंनी हातातला कागद उगाच उलटून पाहिला.

"चल," मुलगी म्हणाली, "घरी जाऊ, मावशी."