थंड इंजिनाची ठकठक

काळाचौकीच्या गॅरेजात सुरुची स्कूटरचं पंक्चर निघायची वाट बघत बाकड्यावर बसली होती. शेजारी नार्वेकर मेकॅनिक हितेंद्रच्या जुन्या बुलेटच्या चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ऐकत होते.

"हितेंद्र, आवाज येतो कधी रे?"

"सकाळी चाळीखाली किक मारली की ठकठक, काका. परळपर्यंत गेलो की गप."

"म्हणजे पिस्टन झिजलाय. इंजिन थंड असलं की आतल्या आत आपटतो. तुझे बाबा होते तेव्हापासून आहे हे. त्यांनी कधी हात लावू दिला नाय."

"आता काढून टाका तो आवाज."

"घाई काय? गाडीला धोका नाय."

"आईला हल्ली कोणी ओळखू येत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ही ठकठक ऐकली की मात्र उठते, डबा घेऊन गॅलरीत येते. 'अहो, डबा विसरलात!'"

"बाबांना हाक मारते?"

"हो. मी हेल्मेट न काढताच वर जातो, डबा घेतो. कधी भाकरी असते, कधी रिकामाच."

"निदान उठते तरी रे."

"आज डबा देताना रडली. म्हणाली, 'आपला हितेंद्र किती दिवसांत घरी आला नाही हो. त्याला बघून या.'"

नार्वेकरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"आवाज गेला तर ती उठायची नाय, बाळा. काय करू, सांग."

"राहू दे तो आवाज, काका. संध्याकाळी हितेंद्रला घेऊन येतो, असं सांगून आलोय तिला."