मक्केला तार

एकोणऐंशीचा नोव्हेंबर होता. बेळगावच्या तारघरातल्या रांगेत शालूबाई उभी होती. तिच्या पुढं येळ्ळूरचा भावकू आणि दस्तगीर शिंपी बोलत होते.

"मक्केच्या मशिदीत बंदुका घेऊन शिरल्यात म्हणं. ह्योच का रं तुमचा धरम?"

"न्हाय अण्णा. तिथं मुंगीबी मारायची न्हाय, असा आमचा धरम हाय."

"पर अल्लाचंच नाव घेत्यात की ती!"

"घेत्यात. त्येच नाव घेत माझी अम्मा हजला गेलीया. चार दिस झालं, खबर न्हाय."

शालूबाईनं मान वर करून दस्तगीरकडं बघितलं.

खिडकीतनं कारकून ओरडला, "मक्केला तार जात नाही. उद्या या."

"घरी जा, दस्तगीर," भावकू हळूच म्हणाला.

"कुठल्या गल्लीनं जाऊ, अण्णा? सकाळपास्नं 'ह्योच का तुमचा धरम' इचारणारं तुमी सातवं."