कम्प्युटरचं झाकण

जालना बसस्टँडवर परतूरच्या बसची वाट पाहत माझ्या शेजारी एक रिटायर्ड सर आणि त्यांच्या मिसेस बसले होते.

“तीन भंगारवाले फिरलो, दीपमाला. सत्त्याण्णव सालच्या कम्प्युटरचं झाकण कुठंच न्हाई. म्हणे भट्टीत गेलं, सळई झाली त्याची.”

“मंग कुणाच्या तरी स्लॅबमधी असल. फोडून बघा.”

“हसू नको. रविवारी आपल्या क्लासच्या पहिल्या बॅचची पोरं येऊन राह्यली. त्याच कम्प्युटरवर शिकली ती. त्यांच्यासमोर उघडा ठेवू का?”

“टोपी घाला त्याला.”

“चांगलं पत्र्याचं, तीन बाजूंचं झाकण होतं. मीच काढून ठेवल्तं. गेलं कुठं?”

“अहो सर, रोज सकाळी पाण्याची मोटर कोण चालू करतं?”

“मीच की.”

“पावसात भिजू नये म्हणून त्या मोटरीवर काय झाकलंय?”

“थांब. ते आपलंच?”

“अन् रोज त्याच्यावर पाय ठेवून दात कोण घासतं?”

“दीपमाला! मंग सकाळीच का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर मला जालन्याला आणलं असतं का? धरा ही साडीची पिशवी, बस लागली.”